शोधशब्दांची निवड आणि ‘पूर्वसंशोधन आढळत नाही’ हे विधान

पीएच्.डी.च्या प्रबंधाचा आराखडा वाचावयास घेतला की पहिल्या दोन-तीन पानांतच एक वाक्य हटकून भेटते : ‘प्रस्तुत विषयावर यापूर्वी स्वतंत्र संशोधन झालेले आढळत नाही.’ शब्द थोडेफार इकडचे तिकडे होतात. आशय तोच असतो. हे वाक्य औपचारिक आहे असे समजून आपण पुढे जातो. वास्तविक साऱ्या आराखड्यातील सर्वांत धाडसाचे विधान तेच असते. एखादी वस्तू आहे असे सांगावयाचे तर ती दाखवली की भागते. नाही असे सांगावयाचे तर ती जेथे जेथे असू शकली असती ती सारी स्थळे आपण धुंडाळली आहेत, असा त्यात दावा असतो. हा दावा कोणत्या बळावर केला, हे मात्र आराखड्यात क्वचितच सांगितलेले असते.

आपल्याकडील मीमांसकांनी ह्या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. कुमारिलभट्टांच्या परंपरेने ‘अनुपलब्धी’ हे अभावाचे ज्ञान करून देणारे स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु कोणतीही अनुपलब्धी त्यांना चालत नव्हती. जी वस्तू तेथे असती तर खात्रीने दिसली असती, तिचेच न दिसणे हे तिच्या अभावाचे प्रमाण होय. हीच ‘योग्यानुपलब्धी’. उजेड असलेल्या खोलीत घट दिसला नाही तर घट नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत तो दिसला नाही, तर खोली अंधारी आहे एवढेच म्हणता येते. शोधशब्दांची निवड म्हणजे ह्या खोलीत दिवा लावणे होय. आणि प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, मराठीतील, त्यातही मराठवाड्याविषयीच्या विषयांवरील, आपला शोध पुष्कळदा दिव्यावाचून चाललेला असतो.

हा शोध आज मुख्यतः संगणकीय संग्रहांतून घेतला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमानंतर प्रबंधांच्या प्रती गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ ह्या भांडारात जमा होऊ लागल्या. त्याच्या जोडीला जेस्टोर, गुगल स्कॉलर ह्यांसारखे संग्रह आहेत. पूर्वी ह्या कामासाठी शं. ग. दाते ह्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन खंड (१८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० ह्या काळातील ग्रंथांचे) आणि ग्रंथालयातील तालिकापत्रांचे खण एवढीच काय ती साधने होती. नव्या साधनांनी केवढी सोय केली हे सांगावयास नको. तथापि जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती ती नव्या व्यवस्थेत नाहीशी झाली, आणि तिची उणीव कोणाला जाणवली नाही. तालिकेच्या खणात ‘देवगिरी’ ह्या शब्दाखाली एखादे पत्र असे आणि त्यावर ‘दौलताबाद पाहा’ एवढेच लिहिलेले असे. ते पत्र लिहिणाऱ्या ग्रंथपालाने वाचकाच्या मनातील शब्द आणि ग्रंथकर्त्याच्या लेखणीतील शब्द ह्यांच्यामध्ये एक पूल बांधून ठेवलेला होता. संगणकाच्या रिकाम्या चौकटीत तो पूल नाही. तेथे वाचकाने जो शब्द घातला, तोच शब्द, त्याच अक्षरांनी, नोंदीत असेल तर नोंद सापडते. नसेल तर यंत्र ‘नाही’ म्हणते, आणि आपण ते ‘नाही’ आराखड्यात उतरवून घेतो.

नवागत संशोधकांना शोधशब्दांविषयी जे मार्गदर्शन केले जाते ते साधारणपणे असे : विषयाच्या शीर्षकातील महत्त्वाचे शब्द वेगळे काढावेत, त्यांचे समानार्थी शब्द लिहावेत, आणि ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ ह्या तीन अव्ययांनी ते जोडावेत. जॉर्ज बूलच्या १८५४ मधील तर्कगणितावर आधारलेली ही रीत सदोष आहे असे नव्हे. परंतु ती ज्या वातावरणात वाढली ते वातावरण निराळे आहे. वैद्यकशास्त्राचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० पासून विषयमथळ्यांची एक नियंत्रित शब्दावली प्रसिद्ध केली. तिच्या आधारे ‘हार्ट अटॅक’ असा लौकिक शब्द घातला तरी शोध ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ ह्या शास्त्रीय मथळ्याकडे आपोआप वळतो. म्हणजे जे ‘पाहा’ पत्र पूर्वी खणात होते ते तेथे यंत्राच्या पोटात आहे. मराठी साहित्य, इतिहास आणि समाजशास्त्र ह्यांसाठी अशी सर्वमान्य शब्दावली आपल्या हाताशी नाही. तेव्हा वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पुरणारा उपदेश मराठीच्या विद्यार्थ्याला जसाच्या तसा देणे म्हणजे पोहणाऱ्याला सायकलीचे नियम शिकवण्यासारखे आहे.

येथे आणखी एक भेद स्पष्ट करावयास हवा. इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन ह्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून शोधपद्धतींवर जे प्रयोग केले, त्यांतून दोन मापे रूढ झाली. सापडलेल्या नोंदींपैकी उपयोगी किती, हे अचूकतेचे माप. आणि संग्रहातील उपयोगी नोंदींपैकी सापडल्या किती, हे व्याप्तीचे माप. एक वाढविले की दुसरे बहुधा घटते. ज्याला वाचण्यासाठी एखादा चांगला लेख हवा आहे त्याने अचूकतेचा मार्ग धरावा. नेमका, अरुंद शब्द घ्यावा. परंतु ज्याला ‘आढळत नाही’ असे लिहावयाचे आहे त्याला व्याप्तीवाचून गत्यंतर नाही. शंभर निरुपयोगी नोंदी चाळाव्या लागल्या तरी चालतील, पण उपयोगी नोंद एकही निसटता कामा नये. आपल्याकडे घडते ते नेमके उलटे. अरुंद शब्दाने शोध घ्यावयाचा आणि त्याच्या आधारे रुंद विधान करावयाचे.

आता भाषेच्या स्वभावाकडे वळू. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांवर कोणी काम करू इच्छितो. त्याचा पहिला शोधशब्द अर्थातच ‘भारूड’. परंतु मराठीत नाम विभक्तीला लागले की त्याचे सामान्यरूप होते, आणि उपान्त्य दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो : भारूड, पण भारुडे, भारुडाचा, भारुडांतील, भारुडांतून. प्रबंधांची शीर्षके पाहिली तर ‘एकनाथांच्या भारुडांतील समाजदर्शन’ अशाच धर्तीची असतात. मूळ प्रथमान्त एकवचन त्यांत येतच नाही. म्हणजे शब्दकोशात जे रूप शिष्ट म्हणून दिलेले आहे तेच शोधाला सर्वांत निरुपयोगी! इंग्रजीत शब्दाचे शेपूट तोडून ताराचिन्ह लावण्याची युक्ती सांगतात. ती येथे लावावयाची तर ‘भारु’ इतके तोडल्यास ‘भारूड’ निसटते, आणि दोन्ही सापडावीत म्हणून ‘भार’ इतके तोडल्यास सारा भारत जाळ्यात येतो. तेव्हा ‘भारूड’ आणि ‘भारुड’ असे दोन निराळे शोध घेणे हाच मार्ग उरतो. आणि भारुडाच्या अभ्यासाचा मोठा भाग इंग्रजीतही आहे. एलिनॉर झेलियट ह्यांचा एकनाथांच्या भारुडांवरील लेख १९८७ मधील ‘द सेंट्स’ नव्हे, तर ‘द संत्स’ ह्या संग्रहात आहे; ग्रंथनामातच ‘संत’ हा आपला शब्द रोमन लिपीत, इंग्रजी अनेकवचनाच्या प्रत्ययासह बसलेला आहे. जो ‘सेंट’ ह्या भाषांतरित शब्दाने शोध घेईल त्याला तो चुकण्याचा संभव पुष्कळ.

व्याकरणानंतर लेखन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले, आणि अनुच्चारित अनुस्वार आपल्या लिखाणातून गेले. त्यापूर्वीचे मराठी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘केलें’, ‘हस्तलिखितें’ असे लिहिलेले आहे. ज्या नोंदी मूळ शीर्षकाशी प्रामाणिक राहून केल्या आहेत त्यांत हे अनुस्वार आहेत. ज्या आधुनिक लेखनात रूपांतरित केल्या आहेत त्यांत नाहीत. कोणत्या संग्रहाने कोणती रीत पत्करली आहे, हे त्या संग्रहाच्या दारावर लिहिलेले नसते. एवढ्याने संपत नाही. ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्या’ हा मराठवाड्याच्या समाजशास्त्राचा दुर्दैवाने नित्याचा झालेला विषय. ह्यातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर डोळ्यांना एकच दिसते, पण युनिकोडात ते दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिले जाऊ शकते. एका रीतीने टंकलिखित केलेला शब्द दुसऱ्या रीतीच्या शोधाला सापडेलच अशी शाश्वती नाही. ‘वाङ्मय’ ह्या शब्दाची अवस्था ह्याहून बिकट आहे. हलन्त ङ देऊन, न देऊन, मध्ये न दिसणारे विभाजकचिन्ह घालून, आणि सर्रास ‘वाड्मय’ असा डकारयुक्त, अशा चार तऱ्हा तरी त्याच्या आढळतात. विभागाच्या नावातच हा शब्द असलेल्या मंडळींनी त्याची काळजी वाहावयास हवी.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा टंकांत लिहिलेले प्रबंध ही तर निराळीच कथा. पानावर स्वच्छ मराठी दिसते, परंतु यंत्राच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता असतो. जे जुने प्रबंध केवळ छायाप्रतींच्या रूपाने चढविले गेले त्यांत तर यंत्राला वाचण्याजोगे एकही अक्षर नसते. महानुभाव पंथाच्या मठांतील ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली, तेव्हा मराठीच्या आद्यकालाचा इतिहासच बदलला. त्या काळी साधकांनी ग्रंथ मुद्दाम झाकले होते; आपण मात्र आपले प्रबंध अजाणता झाकून ठेवले आहेत. अशा प्रबंधापर्यंत पोहोचण्याचा एकच रस्ता म्हणजे नोंदीत घातलेले शीर्षक, लेखकाचे नाव आणि मार्गदर्शकाचे नाव. आणि ही शीर्षके कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, तर कधी इंग्रजी भाषांतरात घातलेली असतात. ज्ञानेश्वरांचे नाव रोमन लिपीत कोणी ‘ड्न्य’ने आरंभितो, कोणी ‘ज्ञ’च्या संस्कृत संकेताप्रमाणे ‘ज्न’ने, कोणी हिंदी उच्चारानुसार ‘ग्य’ने. महानुभाव साहित्याच्या अभ्यासात ज्यांच्यावाचून पाऊल टाकता येत नाही त्या यू. म. पठाणांचे आद्याक्षर रोमन लिपीत ‘यू’ ह्या अक्षराने लिहावे की ‘वाय’ ह्या अक्षराने, ह्याविषयीही नोंदकर्त्यांत एकमत नाही. ग्रंथकर्त्याचे नाव हा तरी निश्चित आधार असेल, अशी आशा करणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

येथवर सांगितलेल्या अडचणी कष्टसाध्य असल्या तरी यांत्रिक आहेत. तक्ता करून त्या निवारता येतील. खरी अडचण पुढेच आहे. शब्दांना इतिहास असतो, आणि शोधशब्द निवडणारा मनुष्य नेहमी आजच्या काळात उभा असतो.

आपल्या नगराचेच पाहा. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेली खडकी, त्याच्या पुत्राच्या काळातील फतेहनगर, औरंगजेबाच्या सुभेदारीत झालेले औरंगाबाद, आणि २०२३ मध्ये शासनाने अधिकृत केलेले छत्रपती संभाजीनगर. त्या अधिकृत निर्णयाच्या कितीतरी आधीपासून, १९८८ पासून, राजकीय लिखाणात चालत आलेले नुसते ‘संभाजीनगर’. आजचा विद्यार्थी आजच्या नावाने शोध घेईल आणि चार शतकांच्या लिखाणापैकी अखेरच्या काही वर्षांचेच त्याच्या हाती लागेल. उलट ‘औरंगाबाद’ घातले तर बिहारमधील औरंगाबाद जिल्ह्याची सारी नोंद अंगावर येते. मग ‘बिहार नको’ अशी अट घालावी, तर दोन्ही प्रदेशांची तुलना करणारा एखादा लेख त्याबरोबर बाहेर फेकला जातो. ‘नाही’ हे अव्यय म्हणूनच फार जपून वापरावे. धाराशिवचा प्रकार अधिक मौजेचा आहे. जिल्ह्याला ते नाव अलीकडे मिळाले. जुन्या पुरातत्त्वीय लिखाणात मात्र ‘धाराशिव’ म्हटले की तेथील लेणी अभिप्रेत असत. म्हणजे एकाच शब्दाने दोन काळांत दोन निरनिराळे विषय हाती येतात. प्रदेशाच्या नावाचेही तसेच. १९५६ पूर्वीचा मराठवाडा ‘महाराष्ट्र’ किंवा ‘मुंबई राज्य’ ह्या शब्दांखाली शोधणे व्यर्थ होय. तो ‘हैदराबाद संस्थान’ आणि त्याहून अधिक ‘निजाम्स डोमिनियन्स’ ह्या शब्दांखाली दडलेला आहे.

स्थळाकडून वस्तूकडे यावे. ह्या नगराला ज्या भूमिगत जलवाहिन्यांनी पाणी पुरविले त्यांना आपण ‘नहर’ म्हणतो : नहर-ए-अंबरी आणि तिच्या मागून झालेल्या. समजा, कोणाला त्यांवरील पूर्वसंशोधन पाहावयाचे आहे. देवनागरीत ‘नहर’ घातल्याबरोबर उत्तर भारतातील पाटबंधाऱ्यांचे सारे हिंदी वाङ्मय समोर उभे राहील, कारण हिंदीत नहर म्हणजे कोणताही कालवा. इंग्रजीत ‘कॅनाल’ घातले तर तेच. हा विषय इराणी परंपरेच्या अभ्यासकांनी ‘कनात’ आणि ‘कारेझ’ ह्या शब्दांनी हाताळला आहे. वास्तुशास्त्रज्ञ ‘अ‍ॅक्विडक्ट’ म्हणतील. पर्यावरणाचे अभ्यासक ‘पारंपरिक जलव्यवस्थापन’ म्हणतील. नगररचनाकारांच्या लेखी तो ‘वारसा’ आहे. आणि १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटिअरसारखा जुना ग्रंथ घेतला तर ‘पाणीपुरवठा’ ह्या अगदी साध्या शब्दाने आरंभ करावा लागेल. पाणचक्कीचे शब्दलेखन पनचक्की, पाणचक्की, पंचक्की असे तीन प्रकारचे, ते निराळेच. ह्यातील प्रत्येक शब्द म्हणजे एकेका विद्याशाखेचे दार आहे. शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांनी आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाची जी पाच अंगे कल्पिली, त्यांपैकी देश आणि काळ ही दोन अखेरची. शोधशब्द योजताना ह्या पाच अंगांची आठवण ठेवली तर निदान कोणते दार ठोठावयाचे राहून गेले ते कळते. एक चांगला लेख हाती लागला की त्याच्या लेखकाने वापरलेले शब्द उचलून पुन्हा शोध घ्यावा, हा उपायही फार गुणकारी आहे. विद्यार्थी तो करीत नाहीत, कारण पहिला लेख सापडला की त्यांना हायसे वाटते.

परंतु काही शब्द नुसते बदललेले नाहीत, बदलविले गेले आहेत. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला हे ज्याला ठाऊक आहे तो शासकीय कागदपत्रांत ‘फॅमिन’ हा शब्द शोधू लागेल. तो त्याला मिळणार नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने १९६३ मध्ये एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्याच्या जागी ‘स्कार्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. राज्यात आता दुष्काळाची स्थिती उद्भवण्यास वावच उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. त्यानंतर नऊ वर्षांनी जे घडले त्याची शासकीय नोंद म्हणूनच ‘टंचाई’ ह्या मथळ्याखाली आहे. अभ्यासकांचे शब्द पुन्हा वेगळे. व्ही. सुब्रमण्यम् ह्यांच्या १९७५ च्या ‘पार्च्ड अर्थ’ ह्या ग्रंथाच्या उपशीर्षकात ‘ड्राउट’ म्हणजे अवर्षण आहे. वोल्फ लाडेजिन्स्की ह्यांनी १९७३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिले तेही ‘ड्राउट’ ह्याच शब्दाने. आणि ज्याँ द्रेझ ह्यांनी त्याच घटनेचे विवेचन केले ते ‘फॅमिन प्रिव्हेन्शन’, म्हणजे दुष्काळनिवारण, ह्या शीर्षकाखाली. आणखी बरेचसे वाङ्मय ‘रोजगार हमी’ ह्या शब्दांखाली गेले, कारण दुष्काळातून निघालेली योजना दुष्काळापेक्षा अभ्यासकांना अधिक आकर्षक वाटली. आता जो केवळ ‘फॅमिन’ शोधील त्याला द्रेझ सापडतील, शासन सापडणार नाही. जो केवळ ‘स्कार्सिटी’ शोधील त्याला शासन सापडेल, शासनाचे टीकाकार निसटतील. कोणता शब्द निवडला ह्यावर त्या काळाविषयी आपले मत काय होणार हे पुष्कळ अंशी ठरते. शोधशब्दांची निवड ही ग्रंथालयातील किरकोळ तांत्रिक बाब आहे, असे मानणाऱ्यांनी ह्या एका उदाहरणाचा विचार करावा.

दलित साहित्य आणि चळवळ ह्यांच्या अभ्यासात ही गोष्ट आणखी तीव्र होते. आपले विद्यापीठ, मिलिंद महाविद्यालय आणि गंगाधर पानतावणे ह्यांचे ‘अस्मितादर्श’ ह्यांच्यामुळे हे नगर त्या साहित्याचे एक प्रमुख केंद्र ठरले. साहजिकच ‘दलित’ हा शब्द येथील अभ्यासकाच्या जिभेवर असतो, आणि त्याच एका शब्दाने तो मागचा सारा काळ धुंडाळतो. परंतु १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले तेव्हा मराठीत शब्द योजला तो ‘निराश्रित’. आज तो शब्द घातला तर फाळणीनंतरचे निर्वासित सापडतील. शिंदे ह्यांचा १९३३ चा ग्रंथ ‘अस्पृश्यते’च्या नावावर आहे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये सभा स्थापिली आणि १९२७ मध्ये पत्र काढले, दोन्हींच्या नावांत ‘बहिष्कृत’ आहे. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्युल्ड कास्ट्स’ आणले. गांधीजींच्या प्रभावाखालील लिखाणात ‘हरिजन’ आले. १९५६ नंतर ‘नवबौद्ध’ आले. आणि अलीकडे ‘दलित’ ह्या शब्दाऐवजी ‘आंबेडकरी साहित्य’ म्हणावे असा आग्रह धरणारा पक्ष बलवान झाला आहे. हे शब्द एकमेकांचे पर्याय आहेत असे समजून त्यांची माळ करणे म्हणजे त्यांतील भांडण विसरणे होय. ‘बहिष्कृत’ ह्या शब्दात बहिष्कार घालणाऱ्यावर आरोप आहे; ‘हरिजन’ ह्या शब्दात तो नाही, आणि म्हणूनच तो नाकारला गेला. शोध घेताना मात्र हे सारे शब्द, नावडते शब्दही, घ्यावे लागतात. जो शब्द आपल्याला अपमानास्पद वाटतो त्याच शब्दाखाली अपमानाची कागदपत्रे असतात. सौजन्यापोटी तो टाळला तर पुरावाच टळतो.

१९४८ च्या सप्टेंबरविषयीही असेच म्हणता येईल. ‘मुक्तिसंग्राम’, ‘पोलीस अ‍ॅक्शन’, ‘ऑपरेशन पोलो’, ‘विलीनीकरण’, ‘अ‍ॅनेक्सेशन’ आणि उर्दूतील ‘सुकूत-ए-हैदराबाद’ हे सहा शब्द म्हणजे एका घटनेविषयीचे सहा निवाडे आहेत. आपण आपल्या निवाड्याचा शब्द शोधतो आणि आपल्याशी सहमत असलेलेच लेखक सापडतात, ह्यात नवल नाही. विद्यापीठाच्या नावाच्या प्रश्नावर लिहिणाऱ्यानेही ‘नामांतर’ आणि १९९४ चा ‘नामविस्तार’ हे दोन्ही शब्द घेतल्यावाचून त्या आंदोलनाचा आरंभ आणि शेवट एकत्र यावयाचे नाहीत.

सहा शब्दांपैकी एक उर्दू आहे, हेही येथे थोडे थांबून पाहावे. मौलवी अब्दुल हक ह्यांच्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय ह्याच नगरात होते आणि ‘उर्दू’ हे त्रैमासिक १९२१ पासून येथूनच निघू लागले. दख्खनी भाषा आणि साहित्य ह्यांवरील केवढे तरी मौलिक काम त्यातून झाले. मराठी आणि दख्खनी ह्यांच्या परस्परसंबंधांवर आराखडा लिहिणारा विद्यार्थी देवनागरीत आणि रोमनमध्ये शोध घेतो, आणि ह्या विषयावर संशोधन नाही असे लिहितो. संशोधन त्याच्या महाविद्यालयापासून कोसभर अंतरावर झालेले असते; लिपी मात्र निराळी. उर्दू येत नसेल तर उर्दू जाणणाऱ्याकडून चार शब्द लिहून घ्यावेत. त्याला फार तर अर्धा तास लागतो.

दोष केवळ शोधणाऱ्यांकडे नाही. लेखाच्या आरंभी ‘बीजशब्द’ देण्याची पद्धत आता आपल्या नियतकालिकांतही रूढ झाली आहे. पण तेथे ‘मराठी, साहित्य, समाज, संस्कृती’ असे शब्द भरलेले दिसतात. हे शब्द कोणत्याही लेखाला लागू पडतात, म्हणून कोणत्याही लेखापर्यंत नेत नाहीत. पुष्कळदा शीर्षकातीलच शब्द पुन्हा उतरवलेले असतात. बीजशब्दांची जागा वस्तुतः शीर्षकात जे सांगता आले नाही त्यासाठी आहे : स्थळाचे जुने नाव, संज्ञेचे रोमन लेखन, विषयाचा दुसऱ्या विद्याशाखेतील शब्द. लेखकाने एवढे केले तर हरवलेले ‘पाहा’ पत्र त्याच्याच हातून लिहिले जाईल.

कोणी म्हणेल की, अक्षरे न जुळविता अर्थाने शोध घेणारी यंत्रे आता आली आहेत, तेव्हा ह्या खटाटोपाचे प्रयोजन काय? ही यंत्रे उपयोगी आहेत आणि विद्यार्थ्यांनी ती अवश्य वापरावीत. परंतु ती इंग्रजीत जेवढी विश्वासार्ह आहेत तेवढी मराठीत नाहीत. छायाप्रतीत बंद असलेला प्रबंध त्यांनाही दिसत नाही. आणि त्यांनी काय पाहिले व काय वगळले ह्याचा हिशेब मागता येत नाही. ‘आढळत नाही’ ह्या विधानाला हवा असतो तो हिशेबच.

तो हिशेब प्रबंधात छापला जावा, अशी सूचना करावीशी वाटते. पूर्वसंशोधनाच्या प्रकरणाला जोडून एक पान असावे : कोणते संग्रह पाहिले, कोणत्या तारखेला, कोणकोणत्या शब्दांनी आणि कोणत्या लिप्यांत, प्रत्येक शब्दाला किती नोंदी मिळाल्या, त्यांपैकी किती वाचल्या. परीक्षकाला त्या पानावरून दोन मिनिटांत कळेल की खोलीत दिवा होता की नव्हता. ज्याने सात शब्दांनी तीन लिप्यांत शोध घेतला आहे त्याच्या ‘नाही’ला वजन येईल, ज्याने एका शब्दाने एकदाच घेतला आहे त्याला प्रश्न विचारता येईल. विधानही मग बदलेल. ‘संशोधन झालेले नाही’ ह्याऐवजी ‘अमुक संग्रहांत अमुक शब्दांनी शोध घेता आढळले नाही’ असे लिहावे लागेल. वाक्य लांबते खरे.

दुसरी सूचना विभागांसाठी आहे. प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्याने हे शब्द नव्याने शोधून काढावेत आणि प्रबंध संपताच ते विसरले जावेत, ह्यात श्रमांचा अपव्यय आहे. त्यांची एक सूची ठेवावी आणि ती वाढत जावी. आरंभ स्थलनामांपासून करणे सोयीचे, कारण तेथे वाद कमी आणि उपयोग तात्काळ : पैठण आणि प्रतिष्ठान, तेर आणि तगर, दौलताबाद, देवगिरी आणि देवगीर, वेरूळ, एलोरा, राष्ट्रकूट ताम्रपटातील एलापूर आणि बर्जेसच्या १८८३ च्या अहवालातील ‘एलुरा’. अंबाजोगाईपुढे ‘मोमिनाबाद’ एवढे एक नाव लिहून ठेवले, तरी निजामकालीन छापील कागदांत त्या गावाविषयी जे काही आहे तेथवर विद्यार्थ्याला जाता येईल.